वाचकांचे प्रश्न : गावातल्या हॉटेलांसाठी डिलिव्हरी ॲप

प्रश्न : कोल्हापुरातल्या पंचवीस-तीस हॉटेलांचं घरपोच जेवणाचं ॲप करायचं आहे. आम्ही दोघे प्रोग्रामर. सगळं मुळापासून लिहावं, की मेडुसासारखं मुक्तस्रोत कॉमर्स सॉफ्टवेअर घ्यावं?

उत्तर : नोड जेएस (सर्व्हरवर चालणारी जावास्क्रिप्ट) आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस येत असेल तर मेडुसा घ्या. कार्ट, किमती, ऑर्डर, पेमेंट, ॲडमिन पॅनल तयार मिळतं. तुम्ही लिहायची मॉड्यूल, म्हणजे जोडायचे स्वतंत्र भाग, दोन. हॉटेलच्या मॉड्यूलमध्ये पत्ता, वेळा, चालू-बंद आणि एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी क्रमांक. डिलिव्हरीच्या मॉड्यूलमध्ये डिलिव्हरी बॉय, स्थिती आणि प्रत्येक टप्प्याची वेळ. पदार्थ मेडुसाच्या प्रॉडक्टमध्येच ठेवून मॉड्यूल लिंकने (दोन मॉड्यूलांतल्या नोंदी जोडायच्या सोयीने) हॉटेलला जोडा. मूळ टेबलांत रकाने घुसडलेत तर पुढचं अपग्रेड अडेल.

मेनू भरताना घाई करू नका. बिर्याणी हाफ-फुल हे व्हेरियंट, म्हणजे एकाच पदार्थाचे वेगळ्या भावाचे प्रकार. पण मिसळीचा तिखटपणा (तीन प्रकार), ब्रेड की पाव, जादा कट हवा की नको, हेही व्हेरियंट केलेत तर एका मिसळीचे बारा होतात आणि हॉटेलवाला भाव बदलायचाच सोडून देतो. अशा निवडी कार्टमधल्या त्या ओळीच्या मेटाडेटात (जोडमाहितीत) ठेवा आणि जादा पैसे सर्व्हरवर मोजा. फोनवरून आलेला भाव कधीही जसाच्या तसा घेऊ नका. व्हेरियंटवर साठा मोजणं आपोआप चालू असतं, ते बंद करा. भटारखान्यात कोणी प्लेटी मोजून ठेवत नाही. तिथे ‘संपलं’ एवढं एक बटण पुरतं. एका कार्टमध्ये एकाच हॉटेलचे पदार्थ, ही तपासणी ‘ॲड टू कार्ट’ वर्कफ्लोच्या (ठरलेल्या पायऱ्यांच्या साखळीच्या) व्हॅलिडेट हुकमध्ये, म्हणजे आपली तपासणी घालायच्या जागी, बसवा.

खरी कसोटी पैसे आल्यानंतर. हॉटेलने होकार देईपर्यंत ऑर्डर थांबली पाहिजे. वर्कफ्लोची ती पायरी असिंक (उत्तरासाठी थांबणारी) ठेवली की हॉटेल होकाराचं किंवा नकाराचं बटण दाबेपर्यंत ती वाट पाहते. मुदत पाच मिनिटांची द्या. मुदत संपली किंवा नकार आला, की आधीच्या पायऱ्या उलट्या फिरवायच्या. कार्डाचे पैसे नुसते अडवून ठेवता येतात, पण नेहमीच्या यूपीआयमध्ये ते लगेच कापले जातात. त्यामुळे ऑर्डर नुसती रद्द करून भागत नाही, रिफंडची विनंती तिथूनच गेली पाहिजे.

मुदत संपल्यावर एका सेकंदाने हॉटेलने होकार दिला तर? पैसे परत आणि जेवण तयार, असा घोळ होतो. म्हणून डेटाबेसमधला बदल अटीसह करा: स्थिती अजून ‘वाट पाहत’ असेल तरच ‘स्वीकारली’ लिहा, आणि एकही ओळ बदलली नाही तर हॉटेलला लगेच ‘ऑर्डर रद्द झाली’ दाखवा. दोन डिलिव्हरी बॉय एकदम ‘घेतली’ दाबतात तेव्हाही हीच अट कामाला येते. वर्कफ्लो इंजिन रेडिसवर (नोंदी वेगळ्या ठेवणाऱ्या साठ्यावर) चालवा. मेमरीतलं इंजिन चाचणीपुरतं ठीक आहे. त्यात सर्व्हर पुन्हा सुरू झाला की वाट पाहणाऱ्या सगळ्या ऑर्डरी हरवतात.

आणखी एक. मेडुसाच्या दुसऱ्या आवृत्तीत २५० रुपये म्हणजे २५०च, रेझरपे या पेमेंट कंपनीला मात्र रक्कम पैशांत, म्हणजे २५०००, लागते. शंभराचा गुणाकार पेमेंट प्रोव्हायडरच्या (पेमेंट कंपनीशी जोडणाऱ्या) फाइलमध्ये एकाच जागी करा, आणि रिफंडच्या वेळी तो विसरू नका.

प्रश्न : जीएसटी हॉटेलवालाच भरेल ना?

उत्तर : नाही. १ जानेवारी २०२२ पासून जीएसटी कायद्याच्या कलम ९(५) खाली ॲपवरून विकलेल्या तयार जेवणावरचा ५ टक्के कर ॲपवाल्यानेच भरायचा आहे, हॉटेलची नोंदणी नसली तरी. महागड्या खोल्यांची बडी हॉटेलं तेवढी वगळली आहेत. तुमची उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते. सीलबंद थंड पेयाचा हिशेब यात बसत नाही, डिलिव्हरी शुल्कावरच्या कराचा दर वेगळा. म्हणून ऑर्डरच्या प्रत्येक ओळीला स्वतःचा करप्रकार द्या. सगळे पैसे आपल्या चालू खात्यात घेऊन मग हॉटेलांना वाटू नका. पेमेंट कंपनीची विभागून जमा करण्याची सोय वापरा. एफएसएसएआयचा केंद्रीय परवानाही आधीच काढा.

प्रश्न : हॉटेलच्या थर्मल प्रिंटरवर केओटी (स्वयंपाकघरात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) छापली की मराठी नावांच्या जागी चौकोन आणि भलतीच अक्षरं येतात. प्रिंटर बदलावा का?

उत्तर : बहुतेक स्वस्त प्रिंटरच्या आत देवनागरी अक्षरं नसतातच. मजकूर पाठवण्याऐवजी चिठ्ठीचं काळं-पांढरं चित्र बनवून पाठवा: ५८ मिलिमीटरच्या प्रिंटरला बहुधा ३८४ ठिपके रुंदी, ८० मिलिमीटरच्याला ५७६. अक्षर जरा मोठं आणि ठळक घ्या, नाहीतर वेलांट्या आणि रफार पुसट उमटतात. चित्र छापायला किंचित जास्त वेळ लागतो, म्हणून केओटीवर लोगो नको. ऑर्डर क्रमांक, पदार्थ, नग आणि ‘तिखट कमी’सारख्या सूचना एवढंच छापा.