लाइट गेली तेव्हा ब्योमकेश काय म्हणाला?

गेल्या अंकात दूरदर्शनच्या 'ब्योमकेश बक्षी' या बंगाली कथांवरच्या रहस्यमालिकेबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. या महिन्यात टपालात बहुतेक पत्रं त्याच्याबद्दलचीच आली. त्यातल्या चार पत्रांना इथे उत्तर देते. पहिल्या उत्तरात एका कथेचा शेवट सांगितला आहे. ज्यांना तो भाग पाहायचा आहे त्यांनी थेट दुसऱ्या प्रश्नाकडे जावं.

१९९३ साली 'मकडी का रस' हा भाग ऐन रंगात आला असताना आमच्या गावातली लाइट गेली. त्या म्हाताऱ्याला कोळ्याचा रस मिळत कुठून होता हे मला आजवर कळलेलं नाही. सांगाल का?
– एक वाचक, तासगाव

दादा, तुमचं पत्र वाचून फार हळहळले. तीस वर्षांच्या वर हा प्रश्न तुम्ही मनात ठेवलात. ऐका तर.

नंददुलालबाबू म्हणजे आजारी, हेकट, पैसेवाला म्हातारा. त्याला जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या रसाचं व्यसन. घरच्यांचा चोवीस तास पहारा, खोलीची झडती घेतली तरी काही हाती लागत नाही आणि नशा मात्र रोज चढलेली. दिवसभर तो पलंगावर बसून अचकटविचकट गोष्टी लिहीत असतो. रस होता त्याच्या लाल शाईत. लिहिता लिहिता लेखणी जिभेला लावायची, बस्स! पहारेकरी त्याच्या हातांकडे बघत राहिले, लेखणीचा संशय कुणालाच आला नाही.

मला या कथेतलं सर्वांत आवडतं ते वेगळंच. मूळ कथेत ब्योमकेश त्या घरात पाऊलही टाकत नाही. तो दुसऱ्या कामात बुडालेला असतो, म्हणून मित्राला, अजितला, पाठवतो. अजित सगळं डोळ्यांनी बघून येतो आणि जसंच्या तसं सांगतो. उत्तर त्या सांगण्यातच असतं, फक्त ते अजितला ऐकू येत नाही, ब्योमकेशला येतं.

मी तेव्हा मिरजेत एका वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसायचे. आमचे एक वृद्ध सभासद सही करण्याआधी कॉपिंग पेन्सिलीचं टोक जिभेला लावायचे, त्यामुळे जिभेवर जांभळा ठिपका. वर्षानुवर्षं ते समोर घडत होतं. हा भाग पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी मला तो ठिपका पहिल्यांदा दिसला.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये ही मालिका पुन्हा लागली तेव्हा माझ्या अकरावीतल्या मुलीने ती भक्तिभावाने पाहिली. एरवी तिला पळापळीच्या परदेशी मालिका लागतात. इतक्या संथ मालिकेत तिला काय सापडलं असेल?
– एक आई, नाशिक

ताई, तिलाच विचारा आणि मला कळवा, कारण मलाही ते ऐकायचं आहे. मला स्वतःला काय सापडलं ते सांगते.

एखादा अनोळखी माणूस घाबरलेला, घाम पुसत ब्योमकेशच्या खोलीत येतो. त्याला बसायला सांगतात. नोकर पुंटीराम चहा आणतो. मग तो माणूस बोलायला लागतो, आणि ब्योमकेश झालेले रजित कपूर ऐकतात. मान किंचित कललेली, नजर बोलणाऱ्यावर, मध्ये तोडणं नाही, आपली हुशारी मिरवणं नाही. पडद्यावर बोलणारे नट पुष्कळ असतात, ऐकणारे फार थोडे. बोलणारा पाच मिनिटांपूर्वी काय म्हणाला होता ते त्यांच्या चेहऱ्यावर अजून रेंगाळत असतं. के. के. रैनांचा अजितही तसाच. मित्राच्या बुद्धीचं त्याला कौतुक आहे, पण तो कुणाचा शेपूट नाही. तो लेखक आहे आणि त्याला स्वतःची मतं आहेत.

दिग्दर्शक बासु चॅटर्जी. 'रजनीगंधा' आणि 'छोटी सी बात' करणारा माणूस. बसचा थांबा, दोन खोल्या, चाकरमान्याचा संकोच हे त्यांना आतून ठाऊक होतं. तीच नजर त्यांनी गुन्ह्यांच्या गोष्टींना लावली. इथले खून मृत्युपत्रावरून होतात, वाटणीवरून होतात, दत्तकपणावरून होतात. ज्यांनी आपल्या भाऊबंदकीचे दावे पाहिले आहेत त्यांना यातलं काही परकं वाटत नाही. ब्योमकेशला स्वतःला 'डिटेक्टिव्ह' म्हणवून घेणं आवडत नाही. तो म्हणतो, मी सत्यान्वेषी, सत्याचा शोध घेणारा.

आणि तो जगत जातो, वय वाढत जातं. लग्न करतो, बाप होतो, पुढे कलकत्त्याच्या दक्षिणेला घर बांधतो. 'आदिम रिपु' ही कथा तर १९४६ च्या दंगलींतून निघून स्वातंत्र्याच्या दारापर्यंत येते. बाहेर शहर जळत असताना एका माणसाच्या खुनाचा हिशेब लावायचा की नाही, हा प्रश्न ती घेते. मला ती साऱ्या ब्योमकेश-कथांत मोठी वाटते.

सगळेच भाग उत्तम आहेत असं मी म्हणणार नाही. पैसा कमी होता ते दिसतं, काही ठिकाणी आख्खं कलकत्ता दोन खोल्यांत मावल्यासारखं वाटतं. पण त्या दोन खोल्यांत माणसं खरी आहेत.

सत्यवतीचं काम करणारी अभिनेत्री म्हणजे आपली सुकन्या कुलकर्णीच ना? घरात पैज लागली आहे.
– एक वाचक, कुडाळ

हो, त्याच. ज्यांनी 'हो' म्हटलं त्यांना पैजेचे पैसे द्या. भावावर खुनाचा आळ आला म्हणून ब्योमकेशकडे धाव घेणारी ती मुलगी, पुढे त्याची बायको. मूळ बंगाली कथेचं नाव 'अर्थमनर्थम्'. तिच्या शेवटी ब्योमकेश नटूनथटून बाहेर निघतो, अजित विचारतो कुठे, तर म्हणतो, सत्याच्या शोधात. सत्यान्वेषी आणि सत्यवती! मी हे वाचलं तेव्हा वाचनालय बंद करायची वेळ झाली होती आणि मी एकटीच हसत बसले होते.

ब्योमकेशचे लेखक पुण्यात राहत होते असं ऐकलं. खरं आहे का?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

अगदी खरं, आणि हे आपल्याकडे इतकं कमी लोकांना ठाऊक आहे याचं मला वाईट वाटतं. शरदिंदु बंद्योपाध्याय १९३८ साली बॉम्बे टॉकीजसाठी लिहायला मुंबईत आले. १९५२ मध्ये सिनेमा सोडून ते पुण्यात स्थायिक झाले.

आता गंमत बघा. ब्योमकेशच्या पूर्ण कथा बत्तीस. पहिल्या दहा १९३२ ते १९३६ या काळातल्या. मग पंधरा वर्षं ब्योमकेश गप्प. १९५१ च्या सुमारास तो परतला आणि उरलेल्या बावीस कथा आल्या. त्यातल्या बहुतेक शरदिंदुबाबूंनी पुण्यात बसून लिहिल्या. हॅरिसन रोडवरची ब्योमकेशची ती खोली, ते पावसाळी कलकत्ता इथे, आपल्या हवेत कागदावर उतरत होतं. आपल्या पेठेच्या नावाचा एक मुलगाही त्यांनी घडवला. शिवाजी महाराजांच्या काळातला धाडसी सदाशिव. बंगाली मुलं मावळ्यांच्या गोष्टी त्याच्या बोटाला धरून वाचत मोठी झाली.

आणि 'शैलरहस्य' ही ब्योमकेश-कथा मिळाली तर सोडू नका. त्यात ब्योमकेश महाबळेश्वरला येतो. ऐन थंडीतलं जवळपास रिकामं हॉटेल, आणि एक भूत. कथेचा मोठा भाग म्हणजे त्याने तिथून अजितला लिहिलेलं पत्र आहे. एरवी सगळ्यांचं ऐकणारा हा माणूस तिथे एकटा बसून स्वतः सांगतो आहे आणि कलकत्त्यात अजित ते वाचतो आहे. जानेवारीत महाबळेश्वरला मुक्काम करणार असाल, तर बाजारपेठ बंद झाल्यावर, पांघरूण घेऊन वाचा.