मूळ फाइल कुठे आहे?

दांडिया बाजार, बडोदा

प्रिय बाळा,

काल रात्री साडेअकराला तू वस्तीच्या पाडकामाच्या एकोणीस क्लिपा व्हॉट्सॲपवर पाठवल्यास आणि खाली लिहिलंस, "काका, आता कुठे पळतील?" चष्मा शोधून सगळ्या पाहिल्या. जेसीबी, वाकलेले पत्रे, शिवणयंत्र ओढत बाहेर काढणारी ती आजी, आणि "नोटीस दिलीय, नोटीस दिलीय" म्हणत कागद मात्र न दाखवणारा तो साहेब. झोप लागली नाही. पण सकाळी चहाबरोबर वकील जागा झाला आणि पहिला प्रश्न पडला तो हा, की मूळ फाइल कुठे आहे?

पळतील गं, सहज पळतील. व्हॉट्सॲपवरून आलेली क्लिप दाबून लहान झालेली असते. कुठल्या फोनवर, किती वाजता काढली ही माहिती वाटेतच गळून गेलेली असते. समोरचा वकील आवाजही चढवणार नाही. "हे तुम्ही काढलं?" "नाही, एका मुलाने पाठवलं." "त्याला कुणी पाठवलं?" इथेच तुझा पुरावा खाली बसतो.

माझा असाच बसला होता. एका कारखान्याच्या फाटकावर कामगारांना झोडपलं, एका पोराने ते मोबाइलवर टिपलं. मी खुशीत सीडी करून घेतली आणि दाखल केली. साक्षीची वेळ आली तोवर दोन वर्षं तारखा पडत गेल्या होत्या आणि त्या पोराने जुना फोन विकून नवा घेतला होता. विकू नकोस, असं मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. चूक माझी होती, भोगली मात्र सात कामगारांनी. त्यांतला एक अजून मंगळबाजारात दिसतो, नमस्कार करतो. तो नमस्कार मला जड जातो.

मूळ फोन इतका का लागतो, हे कळायला जालन्याच्या निवडणूक-खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नीट वाच, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, १४ जुलै २०२०. गाइडमधला सारांश नको, निकालच. २०१४ च्या विधानसभेचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची वेळ टळल्यावर घेतला का, एवढाच वाद, आणि उत्तर निवडणूक कार्यालयाच्याच कॅमेऱ्यांत होतं. अशा चित्रीकरणाची नक्कल कोर्टात द्यायची तर ती कुठल्या यंत्रातून, कशी निघाली याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. मागूनही अधिकारी ते देईनात. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, प्रमाणपत्र हवंच. पण ज्याने ते मिळवायला शक्य ते सगळं केलं, त्याला दुसऱ्याच्या अडवणुकीची शिक्षा नको. आणि फोनचा मालक स्वतः फोन घेऊन साक्षीला उभा राहिला, तर त्या मूळ फोनमधल्या फाइलसाठी प्रमाणपत्राची गरजच नाही. म्हणजे तुझा खरा साक्षीदार तो व्हिडिओ नसून तो काढणारा मुलगा आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं आहे. प्रमाणपत्राचे आता दोन भाग. एक ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. तो फाइलच्या बोटांचा ठसा समज. क्लिपचा एक सेकंद कापलास तरी ठसा बदलतो. म्हणून कापू नकोस. तुझी तिसरी क्लिप मध्येच सुरू होते, हे माझ्या लक्षात आलंय. त्याआधी काय झालं? कुणी दगड मारला असेल तर मला आज सांग, कोर्टात नको.

रॉडनी किंगची गोष्ट तुम्हाला कॉलेजात शिकवतात का, ठाऊक नाही. ३ मार्च १९९१ ला लॉस एंजेलिसमध्ये पोलीस त्याला झोडपत होते आणि जॉर्ज हॉलिडे नावाच्या माणसाने बाल्कनीतून हँडीकॅमवर ते टिपलं. जगाने पाहिलं. टीव्हीवर सुरुवातीचे काही सेकंद, किंग एका पोलिसाच्या दिशेने झेपावतो ते, बहुतेक वेळा कापलेले असायचे. बचावाने ज्यूरीला नेमके तेच दाखवले, आणि पुढची टेप एकेक चित्र थांबवत, संथ गतीने. फटका इतका हळू केला की तो फटकाच वाटेना. २९ एप्रिल १९९२ ला निकाल आला, शिक्षा एकालाही नाही, आणि शहर पेटलं. पुढच्या वर्षी वेगळ्या, केंद्रीय खटल्यात दोघांना शिक्षा झाली. टेप तीच होती!

आपल्याजवळचं सांगायचं तर खेडा जिल्ह्यातलं उंधेला. ऑक्टोबर २०२२, नवरात्र. पोलिसांनी माणसांना खांबाशी धरून सगळ्यांसमोर फटके मारले आणि भोवतीची गर्दी खूश. ती दृश्यं मोबाइलांवर होती. उच्च न्यायालयात तक्रार तेरा पोलिसांविरुद्ध गेली, पण नडियादच्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या अहवालानंतर आरोप ठेवले गेले चौघांवर. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल चौदा दिवसांची साधी कैद सुनावली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेला स्थगिती दिली. तेरांतून चार. कोण कुठे उभा होता, कुणाच्या हातात काय होतं, यावर सगळं येऊन ठेपतं. तुझ्या क्लिपांत मला जेसीबीचा नंबर दिसला नाही, साहेबाच्या छातीवरची पाटी दिसली नाही. तुझा आवाज मात्र पाच क्लिपांत आहे. पुढच्या वेळी तोंड मिटून, एका दमात, हात न हलवता.

आता आपला डाव. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाआधी पंधरा दिवसांची नोटीस सांगितली, आणि पाडकामाचं चित्रीकरण करून ते जपून ठेवायलाही सांगितलं. रस्ता, फूटपाथ, नदीकाठ अशा जागांना ते लागू नाही, तेव्हा आधी जमीन कुणाची ते बघ. लागू असेल तर त्यांच्याकडे त्यांचा व्हिडिओ असायलाच हवा. उद्या सकाळी लेखी मागणी कर, पोच घे. दिला तर शेजारी ठेवून पाहू. नाही दिला तर "नाही" हेही कागदावर येऊ दे. समोरच्या किराणावाल्याच्या कॅमेऱ्याचंही आजच बघ, त्या डब्यात जुन्यावर नवं चढत जातं.

त्या आजीला विचारलंस का? तिचा चेहरा इन्स्टावर टाकलायस तू. २००२ च्या दंगलीतल्या बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या खटल्यात याच शहरात साक्षीदार उलटले, २००३ मध्ये सगळे एकवीस आरोपी सुटले आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाला तो खटला महाराष्ट्रात नव्याने चालवायला लावावा लागला. चेहरा दिसला की घर सापडतं. काढून टाक ते, आत्ताच. मूळ फाइल राहू दे.

आणि एक. सातव्या क्लिपमध्ये मुकादम मराठीत म्हणतो, "तुला बघून घेतो." त्याचं गुजराती होईल, मग अहमदाबादला इंग्रजी, आणि शेवटी न्यायमूर्तींसमोर मुकादम नुसताच बघत असेल. भाषांतर तू स्वतः तपासायचंस.

शनिवारी सहाला ये. त्या मुलाला फोनसकट आण. फोन एरोप्लेन मोडवर, काही पुसायचं नाही, मैत्रिणीचे फोटो असले तरी. काही महिने त्याला दुसऱ्या फोनवर काढावे लागतील. मी घेऊन देऊ शकत नाही. साक्षीदाराला वकिलाने मोबाइल दिला, हे मला उलटतपासणीत ऐकायचं नाही. त्याच्या मामाकडे एखादा जुना पडला असेल तर विचार. काकूने शेव-उसळ करायचं ठरवलंय, उपाशी या.

तुझा,
काका