अंगठा सैल सोड

प्रिय मित्रा,

बोटं दुखल्याशिवाय गिटार येत नाही, हे तुला कुणी सांगितलं ठाऊक नाही, पण ते अर्धंच खरं आहे. बोटांच्या टोकांची आग व्हायचीच. काही आठवड्यांत घट्टे पडतात आणि ती कुरकुर संपते. तू लिहिलंयस ते दुखणं मात्र वेगळं. मनगटात कळ, कोपरापर्यंत ओढ, सकाळी उठल्यावर अंगठ्यात आणि पहिल्या दोन बोटांत मुंग्या. हे रियाझाने जिरत नाही, वाढतं.

बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात. त्यांच्या नऊ कंडरा, म्हणजे दोऱ्याच म्हण, आणि एक नस मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जातात. मनगट जितकं मुडपशील तितका आत दाब वाढतो. त्या मुंग्या बहुधा याच नसेची तक्रार. करंगळीकडे मुंग्या येत असत्या तर मी आधी कोपराकडे बघितलं असतं.

आता गिटार घे. तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटपाशी, म्हणजे मानेवरच्या पाचव्या आडव्या धातूच्या पट्टीपाशी, बोट नुसतं टेकव आणि तार छेड. ‘ठप्’. छेडत राहा आणि बोट अगदी हळू दाबत जा. आधी खरखर येईल, मग एकदम सूर स्वच्छ होईल. तिथेच थांब. लागतो तो जोर एवढाच. आता नेहमी दाबतोस तसं दाब. सूर जास्त गोड झाला? उलट किंचित चढलाच असेल. फ्रेटच्या पट्टीला लागून मागे बोट ठेवलंस तर जोर आणखी कमी लागतो. हाच प्रयोग गिटारच्या मानेमागचा अंगठा उचलून कर, म्हणजे अंगठा किती आवळत होतास ते कळेल.

एफ कॉर्ड, म्हणजे पहिल्या बोटाने सगळ्या तारा एकदम दाबायचा तो आकार, लागत नाही म्हणून रडलायस, तर दोष कदाचित वाद्याचा असेल. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावून तोच आकार धर. एकदम सोपा वाटला, तर नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या, खाचा उंच आहेत. गिटार दुरुस्त करणाऱ्याला छोटंसं काम. तोवर बारा नंबरच्या जाड तारा काढून दहाच्या बारीक लाव, नाहीतर सगळं अर्ध्या स्वराने उतरव. यात कमीपणा कसला?

मी हे शहाणपण फुकट मिळवलेलं नाही. एका कार्यक्रमाआधी रोज पाच तास बार कॉर्ड, म्हणजे एफसारखेच एका बोटाने सगळ्या तारा दाबायचे आकार, घोटले. वेदनाशामक गोळी घ्यायची आणि पुन्हा बसायचं. आठव्या दिवशी अंगठ्याच्या बुडाशी अशी कळ आली की कुलपात किल्ली फिरेना. कार्यक्रम गेला आणि पुढचे तीन महिनेही. गोळी दुखणं बरं करत नव्हती, फक्त मला ऐकू येऊ देत नव्हती.

तेव्हा वरचे छोटे प्रयोग सोडले तर सध्या वाजवणं बंद. मुंग्या आठवड्याभरात गेल्या नाहीत, पकड ढिली झाली किंवा रात्री झोपमोड झाली, तर हाताच्या डॉक्टरांना दाखव. व्हिडिओ बघून मनगटाला पट्टा बांधू नकोस. बरं वाटल्यावर पाच-सात मिनिटांपासून सुरू कर, मध्ये हात खाली सोड. वेळ वाढवायची ती दुसऱ्या दिवशी हात कसा आहे ते बघून.

आणि एक गोष्ट, जी दुखत नाही म्हणून फसवते. वाजवताना एखादं बोट आपोआप आत वळायला लागलं, तर सराव वाढवू नकोस. लिऑन फ्लायशर या पियानोवादकाच्या उजव्या हाताला १९६० च्या दशकात असंच झालं आणि कित्येक वर्षं तो फक्त डाव्या हातासाठीच्या रचना वाजवत राहिला. तुझं तसं काही दिसत नाही, घाबरू नकोस.

जाता जाता, नटच्या खाचा तपासायला तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून तार आणि पहिला फ्रेट यांत किती फट राहते ते बघ. केसाएवढी हवी. जास्त असेल तर कळव.