प्रभू इतक्यात नको येऊ दे, असं वाटतं

"ताई, दीड वर्षापासून आमचे हे रोज रात्री शेवटच्या काळाचे, म्हणजे प्रभू येशू परत येऊन जग संपण्याचे, व्हिडिओ बघत बसतात. कुठे युद्ध पेटलं, भूकंप झाला, की वहीत टिपून ठेवतात आणि पुढे एक तारीख लिहितात. आता मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली एफडी मोडायची म्हणतात. 'तिचं कॉलेज संपेपर्यंत जग राहणार आहे का?' नोकरी सोडून पूर्ण वेळ प्रार्थनेत घालवायचंही मनात आहे. एफडी दोघांच्या नावावर आहे, त्यामुळे माझी सही लागते. नाही म्हटलं की 'तुझा विश्वासच कमी' हे ठरलेलं.

आणि खरं सांगू? मला मनातून वाटतं, प्रभू इतक्यात नको येऊ दे. पोरगी मार्गी लागू दे आधी. उपासनेत 'ये, प्रभू येशू' म्हणायची वेळ आली की माझा आवाज फुटत नाही.

परवा मुलगी क्लासहून आली तेव्हा मी अनवाणीच गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेले होते. पंखा चालू, दार उघडं, माझ्या चपला दारात आणि घरात कोणी नाही. मी खाली येऊन बघते तर पोरगी जमिनीवर बसून हुंदके देतेय. तिला वाटलं, प्रभू आला, आम्हाला वर स्वर्गात घेतलं आणि ती एकटीच मागे राहिली. सोळा वर्षांची आहे ती. ताई, मी कसली ख्रिस्ती?"

सही करू नका. बाकीचं सावकाश बोलू.

आधी तुमच्या न फुटणाऱ्या आवाजाबद्दल. प्रेषित पौल कैदेत होता तेव्हा त्याने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलं, की मी दोन्हीकडून पेचात सापडलोय. इथून सुटून ख्रिस्ताजवळ जावं अशी ओढ आहे, पण तुमच्यासाठी मी देहात राहणं जास्त गरजेचं आहे. पहिलाच अध्याय आहे, काढून बघा. आपल्या माणसांसाठी अजून थोडं थांबावंसं वाटणं तुमच्या एकटीचं नाही. प्रेषितालाही ते वाटलं, त्याने ते लपवलं नाही, आणि त्याच्यावर अविश्वासाचा ठपका कोणी ठेवत नाही. प्रार्थनेत हे जसंच्या तसं बोला: "प्रभू, ये. पण माझा जीव पोरीत अडकलाय." अशा प्रार्थनेने प्रभू दुखावत नाही. खोट्या 'ये'पेक्षा ही अडखळती प्रार्थना मला तरी बरी वाटते.

आता एफडी. 'मारानाथा' हा शब्द तुमच्या घरात रोज ऐकू येत असेल. पहिल्या मंडळीची ही अरामी हाक, 'आमच्या प्रभू, ये'. करिंथकरांस पहिल्या पत्रात ती अगदी शेवटी, सोळाव्या अध्यायात येते. तोच अध्याय सुरुवातीपासून वाचा. दुसऱ्या वचनात पौल सांगतो, की यरुशलेममधल्या गरजूंसाठी दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून साठवावं. मग त्याचा प्रवासाचा बेत: मासेदोनियातून येईन, जमल्यास हिवाळा तुमच्याकडे काढीन, तोवर पन्नासाव्या दिवसाच्या सणापर्यंत इफिसात आहे. पैसे साठवणं, हिवाळ्याची सोय, आणि पंधरावीस वचनांनी 'मारानाथा'. एकाच माणसाने, एकाच पत्रात. त्याला यात काही विसंगत वाटलं नाही.

मिस्टरांशी वाद घालू नका, हा अध्याय दोघांनी मिळून मोठ्याने वाचा. ते म्हणतील, तेव्हाची गोष्ट वेगळी. मग थेस्सलनीकाकरांस दुसरं पत्र काढा. त्या मंडळीतही 'प्रभूचा दिवस आलाच' अशी आवई उठली होती. पौलाने लिहिलं, घाबरून जाऊ नका. आणि त्याच पत्रात पुढे, काम सोडून लुडबुड करत फिरणाऱ्यांना: ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. (तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातलं आठवं वचन मात्र तोंडावर फेकू नका. घरच्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दल ते इतकं कडक आहे, की संवादच संपेल.)

तारखांचं म्हणाल तर अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाच्या अनुयायांनी प्रभूच्या येण्यासाठी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला होता. काहींनी शेतातलं पीक काढलंच नाही. २३ तारीख उजाडली आणि पीक तसंच उभं. २०११ मध्ये तिथल्याच हॅरॉल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या उपदेशकाने आधी २१ मे सांगितला, तो गेल्यावर २१ ऑक्टोबर. पुढच्या वर्षी त्याने चूक कबूल केली. ही माणसं लबाड होती असं मी म्हणत नाही. शास्त्र मनापासून वाचणारी होती, फक्त 'तो दिवस व ती घटका कोणालाच ठाऊक नाही' या एका वचनाला त्यांनी वळसा घातला. मिस्टरांच्या वहीत एव्हाना उलटून गेलेल्या तारखा असतीलच. एखाद्या शांत संध्याकाळी विचारा, "या मागच्या पानांचं काय करायचं?" टोमणा मारल्यासारखं नको, खरंच विचारा. मला राहून राहून वाटतं, हा माणूस आतून घाबरलाय आणि तारीख कळली की भीतीला निदान एक टोक सापडतं. ती भीती कशाची, हे त्यांच्याकडून काढून घेणं वचनं पाठ करून दाखवण्यापेक्षा कठीण आहे. त्यासाठी ते ज्यांचं ऐकतात असे पाळक किंवा मंडळीतले वडीलधारे गाठा. राजीनामा देण्याआधी त्यांच्याशी एकदा बोला, एवढा शब्द मात्र मिस्टरांकडून घ्या.

आणि तुमची मुलगी. तिच्यासाठी मला सगळ्यात वाईट वाटलं. मेघांत घेतलं जाण्याचं जे वचन ऐकून ती हादरलीय, ते थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे. आपली माणसं गेली म्हणून रडणाऱ्यांसाठी ते लिहिलं होतं, आणि त्याचा शेवट आहे, 'या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा'. तिथे आज्ञाध्वनी आहे, आद्यदिव्यदूताची वाणी आहे, देवाचा तुतारीनाद आहे. गुपचूप, चपला दारात ठेवून कोणी गायब होत नाही. व्हिडिओत दिसते ती गुपचूप उचलून नेण्याची मांडणी एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकाच्या शिकवणीतून पसरली. अनेक मंडळ्या ती मानतात, अनेक मानत नाहीत, आणि दोन्हीकडे प्रामाणिक विश्वासणारे आहेत. सोळा वर्षांच्या मुलीला हे नीट कळतं. तिच्याशी तुम्ही स्वतः बोला, आजच, वडिलांना दोष न देता.

आणि पुढच्या वेळी गच्चीवर जाताना दारात चिठ्ठी लावून जा.