जुनी आयडीई हार्ड डिस्क नव्या मदरबोर्डला ॲडाप्टरने जोडता येईल का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : वडिलांच्या छपाईच्या दुकानातला २००३ सालचा संगणक आता सुरू होत नाही, त्यातली ४० जीबीची हार्ड डिस्क आपण काढून ठेवली आहे, नव्या मदरबोर्डवर त्या रुंद, चपट्या केबलसाठी जागाच नाही, आणि बाजारात मिळणारा एखादा स्वस्त ॲडाप्टर लावून तिच्यातील फाइली वाचता येतील का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

वाचता येतील, आणि बहुतेक वेळा पहिल्याच प्रयत्नात येतील. ओळखीच्यांच्या अशा डिस्क मी गेली काही वर्षे उतरवून देत आलो आहे. त्या अनुभवावरून एक गोष्ट आधीच सांगतो : ॲडाप्टर बिघडला तर दुसरा आणता येतो, वीस वर्षांची डिस्क मात्र एकच असते. म्हणून ती नव्या संगणकात कायमची बसवण्याचा विचार करू नये. ती एकदाच, नीट तयारी करून फिरवावी, तिच्यातील सगळे उतरवून घ्यावे आणि पुन्हा बंद करून ठेवावी.

त्या रुंद केबलच्या जोडणीला आयडीई किंवा पाटा म्हणतात. तिच्या ४० पिनांतून १६ बिट एकाच वेळी समांतर जातात. २००३ च्या सुमारास आलेल्या साटा जोडणीत तीच माहिती एकामागून एक, पण पुष्कळ अधिक वेगाने जाते. इंटेलने २००६ मध्ये आपल्या मुख्य चिपसंचातून आयडीई काढून टाकले. त्यानंतर काही वर्षे मदरबोर्ड बनवणारे वेगळी चिप लावून तेवढी एक जागा ठेवत असत, पुढे तीही गेली. त्यामुळे आपल्याला हवा असलेला ॲडाप्टर म्हणजे नुसती तारांची जुळवाजुळव नव्हे. त्यात एका पद्धतीचे संदेश दुसऱ्या पद्धतीत बदलणारी चिप असते, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. काही ॲडाप्टर आयडीई डिस्क साटा मदरबोर्डला जोडण्यासाठी असतात, तर काही याच्या अगदी उलट, साटा डिस्क जुन्या आयडीई मदरबोर्डला जोडण्यासाठी. काहींत दोन्ही दिशांची सोय असते, पण तिच्यासाठी एक बारीक जम्पर (दोन पिना जोडणारे प्लास्टिकचे टोपण) किंवा बटण योग्य बाजूला सरकवावे लागते. दिसायला हे तिन्ही प्रकार जवळजवळ सारखेच असतात. मी पहिल्यांदा उलट दिशेचा ॲडाप्टर घेऊन आलो होतो आणि डिस्कच मेली असे समजून दोन दिवस हळहळत होतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर विचारताना ‘आयडीई टू साटा’ एवढेच न म्हणता ‘डिस्क आयडीई आहे, मदरबोर्ड साटा आहे’ असे स्पष्ट सांगावे.

तरीही मदरबोर्डच्या साटा जागेत बसणाऱ्या ॲडाप्टरपेक्षा यूएसबीचा, स्वतंत्र वीजपुरवठा असलेला संच घ्यावा, असा माझा सल्ला आहे. त्यामुळे कॅबिनेट उघडावे लागत नाही, आणि नव्या बोर्डावरचा एक त्रासही टळतो : काही बोर्डांवर एम.२ या छोट्या, चपट्या जागेत एसएसडी (न फिरणारी, चिपवरची डिस्क) बसवली की एक-दोन साटा जागा आपोआप बंद होतात आणि आपण विनाकारण जुन्या डिस्कला दोष देत बसतो. वेगाची काळजी नसावी. त्या काळातील ४० जीबीची डिस्क सेकंदाला साधारण तीस ते पन्नास एमबीच देते, त्यामुळे जुन्या यूएसबी २ वरूनही निरोगी डिस्क अर्ध्या-पाऊण तासात पूर्ण वाचून होते.

विजेच्या बाबतीत मात्र काटेकोर राहावे. साडेतीन इंची डिस्कला ५ आणि १२ असे दोन्ही व्होल्ट लागतात, आणि यूएसबीच्या साध्या जागेतून फक्त ५ मिळतात. म्हणून संचासोबत भिंतीत लावायचा वेगळा पुरवठा असायलाच हवा. त्याचे चार तारांचे मोलेक्स कनेक्टर एका बाजूचे दोन कोपरे कापलेले असते, जेणेकरून ते उलटे बसू नये. पण स्वस्त संचांतील प्लास्टिक मऊ असते आणि जोर लावला की तेही उलटे बसते. तसे झाले तर ५ व्होल्टच्या जागी १२ जातात आणि डिस्कचे सर्किट क्षणात जळते. जोर लावावा लागत असेल तर थांबून पुन्हा पाहावे. आणि संगणकाच्याच एसएमपीएसमधून, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून, वीज घेणार असाल, तर सुट्या केबलींच्या एसएमपीएसला दुसऱ्या कंपनीची केबल कधीही लावू नका. टोक सारखे दिसले तरी आतील तारांचा क्रम वेगळा असू शकतो.

आता जम्पर. एका जुन्या केबलवर दोन डिस्क लागत असत, म्हणून एकीला ‘मास्टर’ आणि दुसरीला ‘स्लेव्ह’ ठरवावे लागे. ॲडाप्टरवर एकच डिस्क असते, तेव्हा तिचा जम्पर ‘मास्टर’वर हवा. नकाशा बहुधा डिस्कच्या लेबलवरच छापलेला असतो. वेस्टर्न डिजिटलच्या अनेक जुन्या डिस्कवर ‘मास्टर’ आणि ‘एकटी’ अशा दोन वेगळ्या स्थिती असतात, आणि एकटीसाठी जम्पर पूर्ण काढावा लागतो. डिस्क फिरते आहे, आवाज स्वच्छ आहे, पण संगणकाला दिसत नाही, अशी तक्रार घेऊन जे माझ्याकडे आले, त्यांतील बहुतेकांचे काम या एवढ्याशा प्लास्टिकच्या टोपणाने झाले. (लॅपटॉपची अडीच इंची डिस्क असती तर तिला ४४ पिना असत्या, वीजही त्यांतूनच गेली असती आणि जम्परची गरजच पडली नसती. तिथे फक्त शेजारच्या चार जम्पर-पिनांवर कनेक्टर सरकून बसत नाही ना, एवढे पाहायचे.)

जोडण्याचा क्रम असा ठेवावा : आधी आयडीई टोक, मग डिस्कची वीज आणि सर्वांत शेवटी यूएसबी. डिस्क सपाट, न हलणाऱ्या जागी ठेवावी आणि तिच्या खालचे उघडे सर्किट धातूला टेकू देऊ नये. सुरू केल्यावर ठरावीक लयीत टकटक ऐकू आली तर लगेच वीज बंद करावी. ‘अजून एकदा बघू’ म्हणत पुन्हा पुन्हा सुरू केल्याने डिस्क वाचणारे डोके तबकडीच्या पृष्ठभागावर घासून उरलेसुरलेही जाते. फाइली खरोखर मोलाच्या असतील तर त्या क्षणी डेटा परत मिळवणाऱ्या व्यावसायिकाकडेच जावे.

डिस्क दिसू लागली की विंडोज कधी ‘फॉरमॅट करा’ तर कधी ‘इनिशियलाइज करा’ असे सुचवते. दोन्हींना नकार द्यावा. डिस्कवरील जुनी विंडोज एक्सपी नव्या संगणकावर सुरू करण्याच्या भानगडीतही पडू नये. ती यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होणाऱ्या बोर्डावर बहुधा सुरूच होणार नाही, आणि झालीच तर डिस्कवर लिहू लागेल. सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) सुरू करणे आणि ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ या मोफत साधनाने संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा, म्हणजे एका फाइलीतील हुबेहूब नक्कल, नव्या डिस्कवर घेणे. हे साधन आधी चांगला भाग वाचून घेते आणि खराब जागांकडे शेवटी वळते, त्यामुळे डिस्क मधेच दगावली तरी बराचसा भाग हाती आलेला असतो. मूळ डिस्क आणि प्रतिमा यांची अदलाबदल होणार नाही याची मात्र आज्ञा देण्यापूर्वी दोनदा खात्री करावी, कारण दिशा चुकली तर मूळच पुसले जाते. पुढचे सारे काम त्या प्रतिमेवर करावे. ती सेव्हन-झिपसारख्या साध्या साधनानेही उघडते, आणि एक्सपीच्या ‘परवानगी नाही’ या अडथळ्याची झंझटही तिथे राहत नाही.

वडिलांचे दुकान छपाईचे होते, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. त्या काळचा बहुतेक मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आज सर्वत्र चालणाऱ्या अक्षरसंकेतात, नव्हता. श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींच्या फॉन्टमध्ये तो टाइप केला जाई, आणि तो फॉन्ट नसेल तर लग्नपत्रिका असो वा दिवाळी अंक, पडद्यावर फक्त इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. माझ्या एका स्नेह्याने वडिलांच्या डिस्कमधून सगळे दस्तऐवज उतरवले, डिस्क भंगारात दिली, आणि नंतर लक्षात आले की विंडोजच्या फोल्डरमधील ‘फॉन्ट्स’ उपफोल्डर घ्यायचाच राहिला. त्यांतले दोन फॉन्ट मिळवायला त्यांना अनेक महिने लागले. आपण संपूर्ण प्रतिमा घेणार असाल तर हा धोका उरत नाही. पण काही कारणाने फक्त निवडक फाइलीच उतरवणार असाल, तर त्या फॉन्ट्सपासून सुरुवात करा आणि मग मजकुराकडे वळा.