समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहतो, तरी त्याच्या मनातलं ओळखताना चुकतो. असं का होतं?

कारण आपण त्याच्या जागी जातो ते आपलंच डोकं घेऊन. म्हणून अंदाज बांधण्यापेक्षा सरळ विचारा. ताल एयाल, मेरी स्टेफल आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २५ प्रयोगांत हेच तपासलं आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध केलं. ‘दुसऱ्याच्या नजरेने पाहा’ असं सांगितल्याने लोकांचे अंदाज सुधारले नाहीत, उलट एकंदरीत थोडे बिघडलेच. फरक पडला तो समोरच्याशी प्रत्यक्ष बोलल्यावर. समजा, तुमच्या लांबलचक मेसेजला मैत्रिणीने नुसतं ‘ठीक आहे’ एवढंच उत्तर दिलं. तुम्ही स्वतः रागावल्यावर असं तुटक लिहीत असाल, तर ती रागावलीय असंच तुम्हाला वाटणार. ती मात्र एका हातात पिशवी धरून जिना चढत असेल. विचारतानाही शब्द जपून वापरा. ‘असं का वागलीस?’ म्हणजे जाब विचारणं झालं. त्याऐवजी ‘मला वाटलं तू नाराज आहेस, तसं आहे का?’ असं विचारा. मग गप्प राहा, तिचं बोलणं पूर्ण होऊ द्या. (हेच सगळ्यात अवघड, आणि मला विचाराल तर सगळ्यात मोलाचंही.) एक मात्र लक्षात घ्या: समोरचा तुमच्या हाताखाली काम करत असेल किंवा तुम्हाला घाबरत असेल, तर तो तुम्हाला रुचेल तेच सांगण्याची शक्यता असते. तिथे आधी त्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक द्यावी लागते.