रेंज फुल, तरी नेट गुल

प्रश्न: महिन्यापूर्वी घरी फायबरचं कनेक्शन घेतलं. जोडायला आलेला मुलगा ओएनटी, ड्युअल बँड, एसएसआयडी असं काहीबाही भराभर बोलला नि गेला. हॉलमध्ये नेट मस्त चालतं, आतल्या खोलीत मात्र वायफाय फुल दिसत असूनही नातवाचा व्हिडिओ गोल गोल फिरत बसतो. घरच्याच वायफायची दोन नावं दिसतात, त्यातलं कुठलं घ्यायचं? आणि प्लॅन १०० चा असताना डाउनलोडला १२ च दिसतं, फसवलं का आम्हाला?
– एक आजी, कोथरूड

उत्तर: फसवलेलं नाहीये आजी. प्लॅनमधले १०० म्हणजे मेगाबिट आणि डाउनलोड होताना दिसतात ते मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे १०० भागिले ८, साडेबारा. हिशोब चोख आहे.

आता मुख्य घोळ. आपण सगळेच वायफायला नेट म्हणतो, पण वायफाय म्हणजे फक्त तुमच्या फोनपासून त्या पांढऱ्या डब्यापर्यंतची वाट, नेट त्याच्या पुढे. सोसायटीच्या टाकीत पाणीच चढलं नसेल तर नळ कितीही चकचकीत असला तरी काय उपयोग, तसंच हे. फोनवरची रेंज म्हणजे नळ, टाकीचं ती काहीच सांगत नाही. टाकी बघायची तर डब्यावरचे दिवे बघा. एलओएस लिहिलेला दिवा लाल असेल तर बाहेरून फायबरच तुटलीय किंवा निघालीय, मग डबा दहादा बंद-चालू करून काही होत नाही, सरळ कंपलेंट टाका. ओएनटी म्हणजे हाच डबा, काचेच्या तारेतून आलेल्या प्रकाशाचं नेट करणारा, आणि ते घरभर वाटतो तो राउटर, हल्ली बहुतेक दोन्ही एकाच डब्यात असतात.

पण तुमच्याकडे हॉलमध्ये चालतंय म्हणजे टाकी भरलेली आहे, भानगड घरातली आहे. एसएसआयडी म्हणजे वायफायचं नाव, बास. नावं दोन कारण बँड, म्हणजे वायफायच्या लहरींचे रस्ते, दोन (ड्युअल बँड म्हणजे हेच). ५ गिगाहर्ट्झवालं जोरात पळतं पण भिंतीला दमतं (माझ्या भावाच्या शनिवार पेठेतल्या जुन्या घरात, हातभर जाड भिंती, दुसऱ्या खोलीत ते मरतंच). २.४ वालं लांब जातं, पण तिथे गर्दी म्हणजे संध्याकाळचा लक्ष्मी रोड. अख्ख्या बिल्डिंगचे राउटर, ब्लूटूथ, झालंच तर मायक्रोवेव्हसुद्धा तिथेच, आणि एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल, म्हणजे त्या रस्त्यावरच्या लेन, जेमतेम तीन: १, ६ आणि ११. म्हणून रेंज फुल आणि व्हिडिओ अडकलेला, तुमच्या आतल्या खोलीत बहुतेक हेच होतंय. हॉलमध्ये ५ वालं घ्या, आत दोन्ही लावून बघा, जे चालेल ते आपलं.

त्याआधी डबा कुठे ठेवलाय ते सांगा बरं? आमच्याकडे तो टीव्हीच्या मागे, शेजारी लोखंडी कपाट, आणि वर आईने हौसेने क्रोशाचा रुमाल घातलेला. रुमालाने रेंज अडत नाही, डबा तापतो फक्त, पण लोखंडाने अडते. पॅसेजमध्ये उंचावर, उघड्यावर ठेवला आणि आतल्या खोलीतली कटकट गेली, खर्च शून्य.

रिपीटर घ्या म्हणून दुकानदार मागे लागेल. रिपीटर म्हणजे वायफाय पकडून पुढे ढकलणारा छोटा डबा. साधा रिपीटर त्याच हवेतून ऐकतो आणि त्याच हवेतून बोलतो, त्यामुळे स्पीड बरेचदा अर्ध्यावर येतो. मेश (दोन-तीन डबे मिळून घरभर एकच वायफाय) चांगलं, पण दोन खोल्यांच्या घरात उगाच पैसे घालू नका.

पासवर्डच्या सेटिंगमध्ये वायफायच्या कुलपाचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा ३ असू द्या, डब्ल्यूईपी हे जुनं कुलूप दिसलं तर लगेच बदला, ते फोडणं पोरखेळ आहे.

आणि डबा हलवायला त्या मुलालाच बोलवा, स्वतः ओढाताण नको. ती पिवळी-काळी बारीक वायर खिळ्याभोवती करकचून वळवली की आतली काच जाते.